'स्टोरिड' की 'स्टीप्ड इन'?

नागपूरच्या स्थळांवर इंग्रजीत माहितीपत्रक लिहिताना हे दोन पर्याय हमखास समोर येतात.

जागेच्या दृष्टीने 'स्टोरिड' (storied, म्हणजे इतिहासामुळे गाजलेला) स्वस्त. एकच शब्द, थेट नामाआधी: 'द स्टोरिड सीताबर्डी फोर्ट'. 1817 ची लढाई झालेल्या टेकडीवरच्या या किल्ल्याला तो शोभतो, कारण त्यात कीर्ती आहे. मात्र त्याआधी आकडा नको. 'थ्री-स्टोरिड' म्हटलं की वाचकाला तीन मजलेच दिसणार!

'स्टीप्ड इन'ला (steeped in) जागा जास्त लागते, पण अर्थ खोल. 'स्टीप' म्हणजे मुरवणं, चहाची पत्ती गरम पाण्यात राहते तसं. म्हणून पुढे कशात मुरलंय ते सांगावंच लागतं: रामटेक 'स्टीप्ड इन लेजंड', मारबत 'स्टीप्ड इन ट्रॅडिशन'. इथे 'विथ' लावतात, ती चूक, 'इन'च हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा, पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत निघणाऱ्या मिरवणुकीला नुसतं 'स्टोरिड' म्हणणं फार कोरडं वाटतं.

फोटोखालची ओळ, मथळा, नावाजलेली संस्था किंवा किल्ला असेल तर 'स्टोरिड' घ्या. सण, देवस्थान, दंतकथा यांवर सलग परिच्छेद असेल तर 'स्टीप्ड इन', तेही पानावर एकदाच.