7 किलोचं ब्लँकेट आणि 2 किलो 660 ग्रॅमचा चुना

आकडे आधी सांगते, कारण सगळा राग आकड्यांचाच आहे. ऑनलाइन मागवलं होतं 7 किलोचं वेटेड ब्लँकेट, म्हणजे अंगावर दाब येऊन झोप लागावी म्हणून शिवलेल्या चौकोनी कप्प्यांत मणी भरून जड केलेलं पांघरूण: 150 बाय 200 सेंटीमीटर, आत काचेचे मणी, 10 सेंटीमीटरचे चौकोन, वरून सुती कापड. आलं ते 4 किलो 340 ग्रॅमचं. आत प्लास्टिकचे दाणे, चौकोन 25 सेंटीमीटरचे, आणि कापड असं सिंथेटिक की अंधारात ओढलं तर ठिणग्या दिसाव्यात. वजनात 38 टक्के मार. ज्या वस्तूचं नावच वजनावरून पडलंय, तिच्याच मापात पाप.

उलटं पळणारं घड्याळ, 'शेवटचे 3 नग', एकाच साच्यातले पाच-पाच चांदण्यांचे अभिप्राय, हे तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. तरी फसले, आणि ज्या क्षणी कळायला हवं होतं तो क्षण आठवला की अजून कान गरम होतात.

पार्सलच्या वरच्याच बाजूला कुरिअरचं लेबल होतं. पत्ता, बारकोड आणि त्याखाली ठळक: वजन 4.6 किलो. खोका, प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी, सगळं धरून 4.6. 7 किलोची वस्तू 4.6 किलोच्या खोक्यात कशी मावेल, हे तिसरीतलं पोरही विचारेल. मी काय केलं? पत्ता लिहिलेला कागद तसाच कचऱ्यात टाकू नये म्हणून ते लेबल नखाने सोललं, बारीक तुकडे केले आणि टाकून दिलं. एकमेव छापील पुरावा, स्वतःच्या हाताने, नीट काळजी घेऊन फाडला.

पण माझीही बाजू ऐका. 7 किलोची पिशवी बोटांना कापते. तेच वजन 3 चौरस मीटरवर पसरलं की हाताला अंदाज लागत नाही. शिवाय साधी रजई दीड-दोन किलोची असते, तिच्यापुढे 4 किलो जडच वाटणार. पहिल्या रात्री कुणीही 'बरंच जड आहे हो' असंच म्हणेल, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा त्या पहिल्या रात्रीवर चालतो. म्हणून हाताच्या अंदाजावर जाऊ नका. माणसाच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग ब्लँकेट छातीशी धरून उभे राहा आणि वजाबाकी करा. बॅगा मोजायचा लटकता काटा असेल तर त्याहून चांगलं. खोळ काढून मोजा. खोळीचं वजन ब्लँकेटच्या वजनात घुसडणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

शंका पाचव्या रात्री आली, तीही जाडीमुळे. काचेचे बारीक मणी लिटरला साधारण दीड किलो भरतात. म्हणजे 7 किलो मणी जेमतेम पावणेपाच लिटर, आणि 3 चौरस मीटरवर पसरले तर थर दोन मिलिमीटरही होत नाही. खरं काचेचं ब्लँकेट सपाट असतं, लोळत पडतं, अंगाला लगटून बसतं. हे मात्र फुगलेल्या उशीसारखं. प्लास्टिकचे दाणे लिटरला सहाशे ग्रॅमच्याही आतबाहेर असतात, म्हणून आकारमान वाढतं. त्यात पॉलिस्टरचा भरणा ठासला की पाहणाऱ्याला 'भरगच्च' वाटतं. कूस बदलली की आवाज वेगळा. काच वाळूसारखी हलकेच सरकते, प्लास्टिक कुरकुरतं.

मग एक चौकोन उसवला. काचेचे मणी साखरेच्या दाण्याएवढे, एक मिलिमीटरच्या आतले असतात. इथे निघाले तीन-चार मिलिमीटरचे दुधट दाणे, काही करडे, एक-दोन चक्क चपटे. वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून त्यात सोडले. साबण अशासाठी, की बारीक मणी पाण्याच्या ताणावरही तरंगतात आणि उगाच फसगत होते. काच तळाला बसायला हवी. सगळे दाणे वर येऊन वाटीच्या कडेला जमले. स्वस्त प्लास्टिक पाण्याहून हलकं असतं, तरंगतंच. (काही प्लास्टिक बुडतंही, त्यामुळे बुडालं म्हणजे काचच असं समजू नका, पण तरंगलं म्हणजे काच नाही हे पक्कं.)

त्या चौकोनात 64 ग्रॅम दाणे निघाले. आडवे 6, उभे 8, एकूण 48 चौकोन. 48 गुणिले 64 म्हणजे 3 किलो 72 ग्रॅम. उरलेले 1 किलो 268 ग्रॅम कापड आणि भरणा. 10 सेंटीमीटरचे चौकोन असते तर 300 झाले असते, प्रत्येकात वीसेक ग्रॅम मणी. चौकोन लहान लागतो तो शोभेसाठी नाही. दाणे घरंगळायला जागा राहू नये म्हणून लागतो. 25 सेंटीमीटरच्या कप्प्यात सगळे दाणे उताराच्या बाजूला गोळा होतात. कुशीवर झोपलं की खांद्यावर रिकामं कापड आणि पाठीमागे गाठोडं.

उसवणं ही दुसरी घोडचूक. आधी सगळे फोटो, काट्यावरचा आकडा, खोक्यावरचं लेबल, आणि मगच कात्री. 'शिवण ग्राहकाने उघडली असल्याने परतावा लागू नाही', पहिलंच उत्तर हे. वजनाचा फोटो पाठवला तर 'काटा प्रमाणित आहे का?' पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ मागितला, तो कुणाकडे असतो? मग आलं खरं रत्न: '7 किलो ही श्रेणी आहे, प्रत्यक्ष वजन नव्हे.' परत गेले पानावर. खरंच, वरच्या शीर्षकात '7 किलो' आणि खाली, राखाडी बारीक अक्षरांत, '7 किलो श्रेणी'. हा शब्द कुठेही दिसला की पान बंद करा. शेवटी देऊ केलं काय, तर पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट!

विक्री जिथून झाली त्या बाजारपेठेने 7 दिवसांची मुदत दाखवली. मी सहाव्या दिवशी लिहिलं होतं, त्यांनी नवव्या दिवशी वाचलं आणि तक्रार नवव्या दिवसाचीच धरली. ग्राहक तक्रारीच्या दारात गेले तर तक्रार क्रमांक मिळाला, 11 दिवसांनी 'विक्रेत्याकडे पाठवली' असा निरोप मिळाला, आणि विक्रेत्याने 'सूट देऊ केली आहे' एवढं एक वाक्य लिहिताच तक्रारीपुढे 'निवारण झाले' असा शिक्का. कुणाचं निवारण? माझं मत विचारायलाही कुणी फिरकलं नाही. पुन्हा उघडायला गेलं तर 'निवारण झालेली तक्रार उघडता येत नाही'. वजनमापं बघणाऱ्या कार्यालयात तर कमाल झाली. समोरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, पांघरूण नगावर विकलं जातं, किलोवर नाही. नग एक मागवला, नग एक मिळाला, तक्रार कसली? वजनदार पांघरुणाचं वजन कुणीच मोजायचं नाही, असा हा कारभार. वस्त्रांचं खातं वेगळं, ते म्हणे कापडापुरतं. आतले दाणे कुणाच्याच खात्यात बसत नाहीत.

'2 किलोने काय बिघडतं', असंही ऐकून झालं. बिघडतं. स्वीडनमध्ये 120 प्रौढांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साखळ्या भरलेली 6 ते 8 किलोची ब्लँकेटं वापरली आणि झोपेची तक्रार कमी झाली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला मुद्दाम हलकं, दीड किलोचं दिलं होतं. म्हणजे वजन हाच मुद्दा. आणि उलट बाजूही ऐका: 2014 मध्ये ऑटिझम असलेल्या 67 मुलांवरच्या अभ्यासात मोजता येणारी झोप वाढली नाही, मुलांना आणि पालकांना ब्लँकेट आवडलं एवढंच. त्यामुळे 'निद्रानाशावर 100 टक्के इलाज' असं लिहिणारा तिथेच खोटा पडतो.

माझ्या विक्रेत्याने त्याच पानावर 'बाळांसाठीही सुरक्षित' असंही ठोकलं होतं. हे वाचून मात्र चीड वजनाच्या पलीकडे जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये तान्ह्या बाळांच्या झोपेत वजनदार कुठलीच वस्तू नको असं स्पष्ट सांगितलंय. त्याच वर्षी तिथे झिपच्या खोळीत शिरून अडकलेल्या 4 आणि 6 वर्षांच्या दोन मुलींचा मृत्यू झाला आणि मुलांची ती ब्लँकेटं बाजारातून परत मागवली गेली. ज्याला स्वतःहून अंगावरून सारता येत नाही, त्याच्यावर हे घालायचं नाही, मग तो मूल असो की म्हातारा. झोपेत श्वास अडकणं, दमा, रक्ताभिसरणाचा त्रास, यात डॉक्टरांना आधी विचारा.

ब्लँकेटचं वजन शरीराच्या वजनाच्या 10 टक्के हा ठोकताळा आहे, नियम नाही. दोन आकड्यांत अडकलात तर हलका घ्या. माप माणसाच्या अंगाचं घ्यायचं, पलंगाचं नाही, कडेला लोंबलं की रात्रभर तिकडेच ओढ घेतं. दोघांत एक घेऊ नका. तेच 7 किलो 200 बाय 220 वर पसरलं की चौरस मीटरला 2.3 किलोऐवजी 1.6 उरतात.

खोळ आतून नाड्यांनी बांधायची हवी, निदान 8 ठिकाणी. नेहमी धुवायची ती खोळ. ब्लँकेट वर्षातून एक-दोनदा. मशीनवरचा '7 किलो' आकडा कोरड्या कपड्यांचा असतो, 7 किलोचं ब्लँकेट भिजून त्यात फिरलं तर ड्रम डुगडुगतो. धुण्याआधी प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा. एक टाका उसवलेला असला तर मूठभर मणी पंपाच्या जाळीत सापडतात. पिळू नका, दोरीवर टांगू नका, दाणे खाली उतरतात आणि टाके तुटतात. आडवं पसरून, दर दोन-तीन तासांनी उलटून वाळवा. फार गरम ड्रायरमध्ये प्लास्टिकचे दाणे मऊ होऊन चिकटू शकतात. आत ओल राहिली तर कुबट वास कायमचा.

काल त्याच पानावर पुन्हा डोकावले. फोटो तोच, नाव थोडं बदललेलं, आता '9 किलो श्रेणी' आणि '10 सेंटीमीटरचे चौकोन'. 150 सेंटीमीटर रुंदीत 10 चे चौकोन 15 दिसायला हवेत. फोटो मोठा करून मोजले. आडवे सहाच आहेत.