काउंटरसिंक बिटचा संच: सागवान आणि प्लायवूडवरील परीक्षण

स्क्रूचे डोके लाकडाच्या पृष्ठभागाशी समतल बसावे, यासाठी भोकाच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा खळगा करणारे हे बिट मी सागवानी फळ्या आणि प्लायवूड या दोन्हींवर वापरून पाहिले. प्रत्येक बिटच्या मधोमध बारीक ड्रिल असून त्याभोवती कापणारी कॉलर बसवलेली आहे. त्यामुळे भोक आणि खळगा एकाच वेळी होतात व ड्रिल बदलत बसण्याचा व्याप वाचतो. ॲलन कीने (षट्कोनी चावीने) कॉलर वरखाली करता येते, मात्र ती नीट आवळली नाही तर कडक लाकडात सरकते.

खरेदीपूर्वी कोन अवश्य तपासावा. मेट्रिक स्क्रूच्या डोक्याचा कोन साधारणपणे ९० अंश, तर अमेरिकी मापाच्या स्क्रूचा ८२ अंश असतो. हा संच ८२ अंशांचा असल्याने मेट्रिक स्क्रूचे डोके खळग्याच्या केवळ वरच्या कडेवर टेकते. मऊ लाकडात ते दबून बसते, पण सागवानात, विशेषतः पितळी स्क्रू लावलेल्या दर्शनी कामात, ही उणीव डोळ्यांत भरते. सुतारांच्या आवडत्या काळ्या ड्रायवॉल स्क्रूचे डोके तर खालून वक्र असते, त्यामुळे तिथे कोणताच कोन तंतोतंत जुळत नाही.

प्लायवूडवर बिट आधी टेकवून मग ड्रिल मशीन सुरू केल्यास वरच्या थराचे तंतू उखडतात. फिरते बिट हलकेच टेकवल्यास कड स्वच्छ येते. भुसा मात्र बिटच्या खाचेत लवकर अडकतो, आणि तो वेळीच काढला नाही तर लाकूड करपते.