पेटंट-शोधाची पेड सेवा, काही महिन्यांच्या वापरानंतर: आठ टक्के म्हणजे नेमके कसले?

सवलतीचा पहिला दर संपला आणि पूर्ण दराचं रिन्युअल बिल आलं. टक्केवारीपुढे एकक दाखवा, या माझ्या सूचनेवर त्याच आठवड्यात सपोर्टचं उत्तरही आलं: ‘आपली सूचना प्रॉडक्ट टीमकडे पाठवली आहे.’ दोन्ही एकदम आल्यामुळे सूर जरा तिखट लागणार आहे. सेवेचं नाव देत नाही. ज्यांनी घेतली आहे ते ओळखतीलच, आणि बाकीच्यांना या जातीच्या कुठल्याही सेवेला हेच निकष लावता येतील.

वापर एकाच विषयासाठी झाला: धातूच्या भागांवरची सिरॅमिक थर्मल बॅरिअर कोटिंग, म्हणजे उष्णता अडवणारे थर. अर्जाच्या ड्राफ्टिंगआधी नॉव्हेल्टी सर्च (शोध खरंच नवा आहे का ते पाहणं) आणि एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला परीक्षण अहवाल, आल्यावर त्यातले डी१, डी२ (एक्झामिनरनं पुढे केलेले जुने दस्तऐवज) फोडून बघणं. डॅशबोर्ड, फॅमिली-ट्री, अलर्ट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

थेट दुखण्यावर येतो. या सेवेत ‘रासायनिक घटक’ नावाचा एक रकाना आहे. प्रत्येक पेटंटमधून घटक आणि त्यांचं प्रमाण उपसून तक्त्यात मांडलं जातं. जाहिरातीत याचाच सगळ्यात जास्त गाजावाजा होता आणि जास्तीचे पैसेही याचेच. यट्रिया-स्थिरीकृत झिर्कोनियासाठी (वायएसझेड, म्हणजे यट्रियम ऑक्साइड मिसळून स्थिर केलेला झिर्कोनियम ऑक्साइड) तिथे दिसतं ‘यट्रिया: ८%’. कसले आठ टक्के? वजनाचे की मोलचे? रकाना गप्प.

बाहेरच्या माणसाला ही कटकट क्षुल्लक वाटेल, पण या विषयात सगळं त्यावरच उभं आहे. वजनानं ८ टक्के यट्रिया म्हणजे मोलनं साधारण ४.५ टक्के. या प्रमाणात प्लाझ्मा स्प्रेनं (वितळलेल्या पावडरचा फवारा) किंवा ईबी-पीव्हीडीनं (इलेक्ट्रॉन शलाकेनं वाफ करून) बसवलेल्या थरात टी-प्राइम ही स्फटिकरचना मिळते. चिवट, तापणं-थंडावणं सोसणारी, टर्बाइन ब्लेडवर टिकणारी. मोलनं ८ टक्के म्हणजे वजनानं जवळपास १३.७ टक्के. तो पदार्थ पूर्ण क्युबिक, म्हणजे घनाकार स्फटिकरचनेचा, असतो. फ्युएल सेलच्या इलेक्ट्रोलाइटला उत्तम, पण ब्लेडवर लावला तर थर्मल सायकलिंगमध्ये लवकर सुटतो. बाजारातली नावंही मदत करत नाहीत. स्प्रेवाल्यांची ‘मेटको २०४’ पावडर वजनानं ८ टक्क्यांची, तोसोहची ‘टीझेड-८वाय’ मोलनं ८ टक्क्यांची, आणि दोन्हीला लोक ‘एट-वायएसझेड’ म्हणतात. सेवेनं दोन्ही जातींची पेटंटं एकाच गटात टाकून वर ‘९० टक्के साम्य’ असा हिरवा शिक्का मारला. किलो आणि लिटर एकाच रकान्यात लिहून बेरीज मारल्यासारखा प्रकार.

याच रकान्यातला आणखी एक पेच जास्त चिवट. काही जण यट्रियाचं मोल-प्रमाण वाय-टू-ओ-थ्री (सूत्रात दोन यट्रियम) धरून सांगतात, काही वायओ-१.५ (सूत्रात एकच) धरून. वजनानं ७ टक्के यट्रिया पहिल्या हिशोबानं ३.९ मोल टक्के होतं आणि दुसऱ्या हिशोबानं ७.६. म्हणजे ‘७.६ मोल टक्के’ वाचून कुणी हे वेगळं, जास्त यट्रियाचं कोटिंग आहे असं समजला, तर तो त्याच जुन्या पदार्थाकडे बघतोय.

परीक्षणात याचा फटका कसा बसतो ते बघा. समजा क्लेममध्ये, म्हणजे अर्जातल्या हक्क मागणाऱ्या वाक्यात, लिहिलंय ‘४ ते ५ मोल टक्के यट्रिया’. वजनात ते ७.१ ते ८.८ टक्के होतं. एक्झामिनर कॅल्क्युलेटर काढतो आणि ‘वजनानं ६ ते ८ टक्के’ म्हणणारा कुठलाही जुना दस्तऐवज डी१ म्हणून लावतो. रेंज एकमेकींवर येतात, नॉव्हेल्टी तिथेच डळमळते. सेवेच्या रिपोर्टवर विसंबून ‘४-५ विरुद्ध ६-८, ओव्हरलॅप नाही’ असं उत्तर गेलं तर हिअरिंगमध्ये शोभा होते.

आणि स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात) नुसतं ‘८%’ लिहून अर्ज दाखल झाला असेल तर गोष्ट हाताबाहेर जाते. पेटंट कायद्याच्या कलम १०(५) खाली क्लेम स्पष्ट नाही असा आक्षेप येतो. मग ‘मोल’ हा शब्द घालावा म्हटलं तर कलम ५९ आडवं येतं: दुरुस्ती म्हणजे डिस्क्लेमर, करेक्शन किंवा एक्सप्लनेशन, आणि तीही मूळ मजकुरात आधार असेल तरच. उदाहरणात पावडरचा ग्रेड किंवा ग्रॅममधली वजनं दिली असतील तर आधार निघतो, नसतील तर नाही. म्हणून प्रत्येक उदाहरणात किती ग्रॅम काय घेतलं ते लिहावं. जाता जाता: व्यापारी झिर्कोनियात दोनेक टक्के हाफनिया (हाफनियम ऑक्साइड) नैसर्गिकच असतो. ‘हाफनिया-मुक्त’ असा शब्द क्लेममध्ये सहज टाकू नका.

भर: वरचा मजकूर लिहून झाल्यावर त्यांचं अपडेट आलं. आता रकान्यात ‘वजन%’, ‘मोल%’ असं दिसायला लागलंय. तेव्हा तिखटपणा थोडा मागे घेतो. तक्रार कुणीतरी वाचली म्हणायची. पण नीट बघितल्यावर मर्यादा कळली. आकड्याच्या शेजारीच एकक असेल तर ते उचललं जातं. बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये मात्र सुरुवातीलाच एकदा लिहिलेलं असतं, ‘अन्यथा न सांगितल्यास सर्व टक्केवारी वजनानुसार’, आणि पुढची सगळी पानं नुसते आकडे. तिथे रकाना आता रिकामा राहतो. चुकीच्यापेक्षा रिकामा बरा, हे मान्य. वायओ-१.५चा घोळ मात्र आहे तिथेच आहे.

दुसरं, त्यांचा ‘अर्थावरून शोध’. आपला क्लेम पेस्ट करा, जवळची पेटंटं आणतो. अलीकडच्या कागदपत्रांवर तो चांगला चालतो. जुन्यांवर अडखळतो, कारण जुने लोक आजची भाषा बोलत नव्हते. नासाचं १९७७चं अमेरिकन पेटंट ४,०५५,७०५ घ्या: खाली निकेल-क्रोम-ॲल्युमिनियम-यट्रियमचा बाँड कोट (सिरॅमिकला धातूवर धरून ठेवणारा थर), वर झिर्कोनिया-यट्रिया. आजच्या रचनेचं मूळच. पण सारांशात वरच्या थराला ‘परावर्तक ऑक्साइड’ म्हटलंय. १९८२चं ४,३२१,३११ हे स्तंभाकार सिरॅमिकचं पेटंट, ईबी-पीव्हीडीचा विषय निघाला की टाळता न येणारं. १९९१चं ५,०७३,४३३ उभ्या भेगांच्या दाट प्लाझ्मा कोटिंगचं: सैद्धांतिक घनतेच्या ८८ टक्क्यांहून जास्त घनता आणि इंचाला किमान २० उभ्या भेगा. आज कुणी ‘सेंटिमीटरला १० सेगमेंटेशन क्रॅक’ असा क्लेम लिहिला तर तो इंचाला २५ होतो, म्हणजे थेट त्या पेटंटच्या हद्दीत. शब्द वेगळे, एकक वेगळं, त्यामुळे मशीनला वास येत नाही. मुदत संपलेली पेटंटं काय बघायची, असं कुणी म्हणत असेल तर: नॉव्हेल्टीला मुदत नसते.

यावर उपाय वर्गीकरणाचा, आणि तो फुकट आहे. युरोपियन पेटंट ऑफिसच्या एस्पेसनेटवर सीपीसी या पेटंट वर्गीकरणातला सी२३सी २८/३४५५ हा कोड टाका. रिफ्रॅक्टरी सिरॅमिक थर असलेल्या धातू-सिरॅमिक बहुथरांचं हे घर. त्याला २८/३२१५ जोडलं की एमसीआरएएलवाय (निकेल-क्रोम-ॲल्युमिनियम-यट्रियमसारख्या मिश्रधातूंच्या) बाँड कोटवाली पेटंटं उरतात. मग एफ०१डी ५/२८८ स्वतंत्र चालवा, ब्लेडच्या संरक्षक कोटिंगचं. प्रक्रियेसाठी प्लाझ्मा स्प्रेला सी२३सी ४/१३४ आणि ४/११, ईबी-पीव्हीडीला १४/०८३ आणि १४/३०. पिस्टन किंवा सिलिंडर हेडवरचं कोटिंग असेल तर एफ०२बी ७७/११ आणि एफ०२एफ ३/१२ विसरू नका. टर्बाइनवाले आणि इंजिनवाले एकमेकांची पेटंटं वाचत नाहीत, एक्झामिनर वाचतो. एवढ्या जाळ्यात जे सापडतं ते पेड सेवेच्या हिरव्या शिक्क्यापेक्षा जास्त कामाचं निघालं.

भारतीय अर्जांसाठी इथल्या पेटंट ऑफिसचं इनपास हे शोधसाधन आहेच, तेही फुकट. तिथे आयपीसी हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण चालतं आणि आयपीसीमध्ये २८/३४५५ इतका बारीक कप्पा नाही; २८/००, २८/०२, २८/०४ एवढ्यावर भागवावं लागतं. त्यामुळे वर्गाला ‘झिर्कोनिया’, ‘थर्मल बॅरिअर’, ‘बाँड कोट’ असे शब्द जोडून, सारांश आणि संपूर्ण स्पेसिफिकेशन दोन्ही खणावे.

पेटंटाबाहेरच्या साहित्यात पेड सेवा जवळजवळ कोरडी आहे, आणि या विषयात हे महागात पडतं. वजनानं ६ ते ८ टक्के यट्रिया सर्वोत्तम, आधीचं १२ टक्के नव्हे, ही गोष्ट नासाचे संशोधक स्टेकुरा यांनी तिथल्या तांत्रिक अहवालात सत्तरच्या दशकाच्या शेवटी मांडली. तो अहवाल नासाच्या एनटीआरएस संग्रहात मोफत आहे. फक्त पेटंटं शोधणाऱ्याला तो दिसतच नाही.

गॅडोलिनियम झिर्कोनेट या दुसऱ्या सिरॅमिकवर शोध घेताना हीच गंमत. २०००चं ६,११७,५६० आणि २००१चं ६,२५८,४६७ (पायरोक्लोर या स्फटिकरचनेचं) सेवेनं बिनचूक वर आणली, त्याबद्दल गुण. पण ‘खाली वायएसझेड, वर गॅडोलिनियम झिर्कोनेट’ या दुथरी रचनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारी कल्पकता) आहे का, हे ठरवायला कारण लागतं. गॅडोलिनियम झिर्कोनेट बाँड कोटवरच्या ॲल्युमिना थराशी प्रक्रिया करून ॲल्युमिनेट बनवतो आणि त्याची चिवटताही कमी, म्हणून मध्ये वायएसझेड घालतात. वर मात्र तो वितळलेल्या वाळू-धुळीशी, म्हणजे सीएमएएसशी, प्रक्रिया करून ॲपेटाइट बनवतो आणि तिची घुसखोरी अडवतो. ही दोन्ही कारणं शोधनिबंधांत सापडतात. एक्झामिनरनं ती जोडली की ‘दोन थर एकत्र केले’ एवढ्यावर इन्व्हेंटिव्ह स्टेपचं कलम २(१)(जेए) पार होत नाही. तीन-चार रेअर अर्थ मिसळलेल्या झिर्कोनियावर तर कलम ३(ई)चा, म्हणजे हे नुसतं मिश्रण असल्याचा, आक्षेप धरूनच चाला. घटकांच्या गुणांची नुसती बेरीज नाही हे तुलनात्मक सायकलिंगच्या आकड्यांनी दाखवावं लागतं: तोच सबस्ट्रेट (खालचा धातू), तोच बाँड कोट, तीच जाडी, तेच तापमान, आणि किती पृष्ठभाग सुटल्यावर ‘फेल’ धरलं तो निकष.

सच्छिद्रतेच्या रकान्याबद्दल एकच वाक्य: एएसटीएम ई२१०९ या मानकानं छायाचित्रावरून काढलेले १२ टक्के आणि आर्किमिडीज पद्धतीनं (द्रवात बुडवून वजन करून) काढलेले १२ टक्के तिथेही शेजारी शेजारी बसलेत.

चांगलं काय? जपानी पेटंटांची मशीन-भाषांतरं वाचनीय आहेत. फॅमिली एकत्र करणं झकास. एकाच शोधाचे सात देशांतले अर्ज सात ओळी खात नाहीत. एफईआरला उत्तर द्यायला ६ महिने आणि फॉर्म ४ भरून वाढीव ३ मिळतात, त्या घाईत डी१ची सगळी भावंडं एका क्लिकवर दिसणं उपयोगी पडतं. फक्त एस्पेसनेटही फॅमिली दाखवतं, जरा जास्त क्लिक घेऊन.

पैशाचा हिशोब असा. भारतात व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन दाखल फी १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीची ४,०००. या सेवेच्या एका वर्षाच्या रिन्युअलमध्ये असे कित्येक अर्ज निघतील. महिन्याला दहा-वीस एफईआर हाताळणाऱ्या फर्मनं घ्यावी. एका विषयावर वर्षाला दोन-तीन अर्ज करणाऱ्यानं घेऊ नये. पाचपैकी अडीच, अपडेटआधी दोन होते.

रिन्युअल करणार नसाल तर एक काम मुदतीआधी करा. सेव्ह केलेल्या शोधांचा डेटा एक्सपोर्ट करून घ्या, लॉगिन बंद झालं की तो मिळत नाही. एक्सपोर्टच्या फाइलमध्ये ‘रासायनिक घटक’ रकान्यातलं नवीन एकक उतरत नाही, फक्त आकडा उतरतो. शेजारी एक कोरा रकाना घाला आणि एकक मूळ पेटंट वाचून हातानं भरा.