डायनोच्या कागदावरचे २४.६ हॉर्सपॉवर

ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ धावपट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीसाठी, घरी इंजिन बांधणाऱ्या, त्यातही जुन्या टू-स्ट्रोक यामाहांवर काम करणाऱ्या मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पोर्टिंग (सिलिंडरमधली वायूची छिद्रे, म्हणजे पोर्ट, घासून मोठी करणे) आणि डायनो टेस्ट (गाडीची ताकद यंत्रावर मोजणे) एकत्र विकणाऱ्या एका ट्यूनरने माझ्याकडून ४२,००० रुपये घेतले, न केलेल्या कामाचे पैसे लावले आणि ते काम झाल्याचा पुरावा म्हणून फेरफार केलेला डायनोचा कागद हातात ठेवला. तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र त्याची पद्धत इतकी पद्धतशीर आहे की असे गिऱ्हाईक मी एकटाच असेन, असे मला वाटत नाही.

गाडी आरएक्स १३५ आहे. बोअर ५८ मिलिमीटर, स्ट्रोक ५० मिलिमीटर, म्हणजे १३२ सीसी. क्रँक, बेअरिंग, क्लच आणि गिअरबॉक्स मी घरीच बसवले होते आणि एक्सपान्शन चेंबर, म्हणजे टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप, कोल्हापुरात पत्र्याचे शंकू वळवून घेतला होता. या अवस्थेत दुसऱ्या एका डायनोवर मागच्या चाकापाशी १४.२ हॉर्सपॉवर मिळाले होते आणि ४०२ मीटरच्या धावेत शेवटच्या रेषेवरचा वेग ताशी १२६ किलोमीटर होता. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ज्यांनी गाड्या पळवल्या आहेत त्यांना हे आकडे साधारण वाटतील, आणि ते साधारणच आहेत. राहिले होते ते पोर्टिंग. ते बाहेर देण्याचे कारण असे की ब्लॉकमधून एकदा खरवडलेले धातू परत लावता येत नाही. एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर जातो त्या छिद्राची, वरची कड गरजेपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी वर गेली तरी खालचा पिकअप मरतो, आणि ट्रान्सफर पोर्टच्या (ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये येते ती छिद्रे) आत पोहोचण्यासाठी काटकोनी हँडपीस लागतो, तो माझ्याकडे नाही.

ब्लॉक देण्यापूर्वी मी सर्व मोजमापे घेऊन ठेवली होती. सिलिंडरच्या आत कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल घासली की पोर्टच्या कडांचा ठसा उमटतो. तो ठसा तारीख घालून ठेवला होता. पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सर्वात वरच्या टोकाला, ठेवून प्लगच्या छिद्रातून सिरिंजने तेल भरून पाहिले, तेव्हा वरची जागा १५ सीसी भरली होती. पुढे उपयोग झाला तो याच दोन गोष्टींचा.

ट्यूनरने इंजिन पूर्ण मागवून घेतले, कारण त्याच्या म्हणण्यानुसार फक्त ब्लॉक पाठवला तर डायनो करता येत नाही. हे म्हणणे रास्तच होते. "चोवीसच्या खाली आकडा आला तर पैसे परत," असा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा संदेश माझ्याकडे आहे. पक्के बिल मागितले तेव्हा जीएसटी वेगळा पडेल असे सांगून त्याने टाळले, आणि पैसे यूपीआयने दोन हप्त्यांत गेले. इंजिन परत आले तेव्हा हेडच्या चारही नटांवर लाल रंगाचे ठिपके होते. "दादा, हे सील तोडलंत तर गॅरंटी संपली, मग मला विचारायचं नाही," असे त्याने फोनवर बजावले. या सीलचा गॅरंटीशी काहीएक संबंध नसतो. गिऱ्हाइकाने हेड उघडून आत पाहू नये, एवढाच त्याचा उपयोग असतो. घरी बांधलेल्या रेसिंग इंजिनावर कोणताही शहाणा ट्यूनर आयुष्याची हमी देत नाही. मग ती हमी संपण्याची भीती कसली घालायची? सोबत डायनोच्या कागदाचा फोटो आला. कमाल ताकद २४.६ हॉर्सपॉवर, ८,६०० आरपीएमला.

धावपट्टीवर गाडी ताशी १३० किलोमीटरच्या पुढे गेली नाही.

यावर ट्यूनरची उत्तरे एकामागून एक आली आणि ती अनेकांनी ऐकलेली असतील. आधी लाँच (धावेची सुरुवात) चुकले, मग पेट्रोल खराब, मग कार्ब्युरेटरचा मेन जेट लहान, आणि शेवटी माझा पाइपच या पोर्टिंगला चालत नाही, १४,००० रुपयांत त्याच्याकडचा घ्यावा लागेल. यातील पहिल्या उत्तराबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण ते सर्वात पटणारे आणि सर्वात फसवे आहे. क्लच घसरला किंवा टायर फिरला की धावेचा वेळ भरपूर बिघडतो, हे खरे. पण शेवटच्या रेषेवरचा वेग त्यामानाने फार कमी बदलतो, कारण तो मुख्यतः ताकद आणि वजन यांवर ठरतो. वजन तेच असेल तर हा वेग ढोबळमानाने ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. १४.२ वरून २४.६ म्हणजे ताकद १.७३ पट. त्याचे घनमूळ १.२. म्हणजे १२६ चा वेग १५१ च्या आसपास जायला हवा होता. चार किलोमीटरची वाढ पाहता ताकद जेमतेम एक-दीड हॉर्सपॉवरने वाढली असावी, आणि लाँच कितीही वाईट झाले तरी वीस किलोमीटरचा फरक त्यातून निघत नाही.

त्यानंतर मी डायनोचा कागद नीट वाचला. त्यावर ताकदीच्या आलेखाखाली टॉर्कचाही आलेख होता आणि ८,६०० आरपीएमला टॉर्क १३.२ न्यूटन मीटर असा छापलेला होता. ताकद आणि टॉर्क या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,१२१ ने भागले की हॉर्सपॉवर मिळते. ताकद पीएसमध्ये (मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये) दिली असेल तर भाजक ७,०२४ घ्यावा. १३.२ गुणिले ८,६०० भागिले ७,१२१, उत्तर १५.९. कागदावर छापलेले २४.६ खरे ठरण्यासाठी त्याच आरपीएमला टॉर्क २०.४ न्यूटन मीटर असायला हवा होता. ज्याने ताकदीचा आकडा आणि वरची रेषा बदलली, त्याने खालची रेषा बदलण्याचे कष्ट घेतले नव्हते. फोटो मोठा करून पाहिल्यावर २४.६ मधला दोनचा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड आणि ओळीच्या थोडा खाली बसलेला दिसतो. टॉर्क फूट-पाउंडमध्ये आणि ताकद हॉर्सपॉवरमध्ये एकाच मापपट्टीवर छापलेली असेल तर गणितही करावे लागत नाही, कारण दोन्ही रेषांनी ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदलेच पाहिजे. तसे होत नसेल तर तो कागद खोटा आहे.

फोटोची खालची पट्टी कापलेली होती. सहसा तेथे हवेचे तापमान, दाब आणि करेक्शन फॅक्टर छापलेला असतो. विचारल्यावर ट्यूनरने सांगितले की हा फरक करेक्शनचा आहे. करेक्शन हा प्रकार खोटा नाही. एसएई या अमेरिकन अभियंता संघटनेच्या जे १३४९ मानकात २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरून आकडे एका पातळीवर आणले जातात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवा त्या मानाने विरळ आहे, त्यामुळे गरम दिवसात हा गुणक १.०९ च्या जवळपास येणे स्वाभाविक आहे. म्हणजे नऊ टक्के. १५.९ चे २४.६ करायला ५५ टक्के लागतात. शिवाय करेक्शन टॉर्क आणि ताकद दोन्हींना सारखेच लागते; एकाच रेषेला लागणारे करेक्शन जगात कोठेही नाही. चाकावरचा आणि क्रँकवरचा आकडा वेगळा असतो, हे त्याचे पुढचे स्पष्टीकरणही याच कारणाने टिकत नाही.

मग लाल ठिपक्यांचे नट खोलले, प्रत्येक पायरीचा व्हिडिओ घेत. सायलेन्सर लावतो त्या बाजूने एक्झॉस्टचे तोंड आरशासारखे चकचकीत केलेले होते. बोट घालून पाहणाऱ्याला ते काम फार झाल्यासारखे वाटेल. पण सिलिंडरच्या आत, जेथे पिस्टन पोर्ट उघडतो आणि मिटतो, तेथे नवा ठसा घेऊन जुन्या ठशावर ठेवला तर दोन्ही कडा तंतोतंत जुळल्या. एक्झॉस्टची कड तीच, ट्रान्सफरची कड तीच, रुंदीही तीच. पोर्टिंग म्हणतात ते काम झालेलेच नव्हते. झाले होते ते एवढेच की हेड लेथवर लावून घासले होते. सिरिंजने वरची जागा आता १२ सीसी भरली, म्हणजे कम्प्रेशन ९.८ वरून १२ वर गेले. त्याने खालचा पिकअप लगेच तिखट होतो, गिऱ्हाईक पहिल्याच फेरीत खूश होते, आणि माझ्या इंजिनात जो थोडा फायदा दिसला तो सगळा यातूनच आला होता. तेही काम धड नव्हते. पिस्टन आणि हेडमधली फट पाहण्यासाठी पिस्टनवर सोल्डरची तार ठेवून क्रँक फिरवला आणि चपटी झालेली टोके मोजली, तर एका बाजूला ०.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.९ मिलिमीटर मिळाले. हेड तिरके घासले गेले होते. एवढे कम्प्रेशन हवेवर थंड होणारे इंजिन साध्या पेट्रोलवर सहन करत नाही. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती, आणि आणखी काही धावा झाल्या असत्या तर पिस्टनला भोक पडून क्रँकही गेला असता.

हे सर्व त्याला पाठवल्यावर त्याचा सूर बदलला. मॉडिफाय केलेली गाडी आहे, तक्रार केलीत तर आरटीओला कळवीन, असे तो म्हणाला. या धमकीवरच हा धंदा चालतो, म्हणून ती नीट समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार रस्त्यावर चालवायच्या वाहनात कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. माझी गाडी रस्त्यावर चालतच नाही, ती टेम्पोतून धावपट्टीवर जाते आणि टेम्पोतून परत येते. पण जे हे इंजिन रोजच्या गाडीत बसवतात ते या एका वाक्याने गप्प बसतात, आणि ट्यूनरला ते पक्के माहीत असते.

तिसऱ्या डायनोवर, हेडवर काहीही काम न करता फक्त नवा पिस्टन बसवून, थोडक्यात एकच धाव घेतली, १५.६ हॉर्सपॉवर आले. त्या केंद्राने मागितल्याबरोबर धावेची मूळ फाइल दिली. फोटोवर समाधान मानू नये, मूळ फाइल मागावी; ती द्यायला प्रामाणिक माणसाला काहीच अडचण नसते. दोन्ही ठसे, व्हॉट्सअॅपचे संदेश, यूपीआयच्या पावत्या, इंजिन खोलतानाचा व्हिडिओ आणि दोन्ही डायनोचे कागद घेऊन मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्के बिल नसले तरी पैसे दिल्याचा पुरावा चालतो. तेथून सूचना गेल्यावर ट्यूनरने १५,००० रुपये परत केले आणि बाकीच्या बदल्यात "समाधान झाले" असे लिहून मागितले. मी ते लिहून दिले नाही. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते.

मध्यंतरी सांगलीच्या एका गृहस्थांनी त्यांना मिळालेला डायनोचा कागद मला दाखवला. गाडीचे नाव आरएक्स १०० होते, तारीख वेगळी होती, पण आलेख माझाच होता. ६,२०० आरपीएमपाशी माझ्या पाइपमुळे ताकदीत एक खळगा पडतो, तो खळगा त्यात जसाच्या तसा आहे. तेव्हा २४.६ हॉर्सपॉवर, ८,६०० आरपीएम, १३.२ न्यूटन मीटर आणि ६,२०० ला खळगा, असा कागद कोणी दाखवला तर पुढचा हप्ता पाठवू नये, आणि आधीचा गेला असेल तर हेड उघडण्यापूर्वी नटांवरच्या ठिपक्यांचे फोटो काढून ठेवावेत.