झेडरॅम की झेडस्वॅप : रॅम भरल्यावर पेज जातं कुठे, त्यावर ठरवा

डोळ्यांसमोर तीन मशिन्स ठेवू. कॉलेज रोडवरच्या एखाद्या लॅबमधला ४ जीबी रॅमचा, फिरत्या हार्ड डिस्कचा जुना पीसी. अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात डेटाबेस आणि चार-पाच कंटेनर (वेगवेगळे बांधून चालवलेले प्रोग्रॅम) ओढणारा १६ जीबीचा सर्व्हर. आणि दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारा, मेमरी कार्डावर चालणारा छोटा बोर्ड. तिन्हींवर लिनक्स आहे, तिन्हींना रॅम अपुरी पडते, आणि तिन्हींसाठी एकच उत्तर चालत नाही.

रॅम भरली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीचे छोटे तुकडे (पेजेस) डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, टाकतो. ते टाळायचे दोन मार्ग म्हणजे झेडरॅम आणि झेडस्वॅप. झेडस्वॅप मुख्य कर्नलमध्ये आलं २०१३ साली, ३.११ या आवृत्तीत. झेडरॅम त्याआधी बरीच वर्षं स्टेजिंगमध्ये (कर्नलच्या कच्च्या कोडच्या विभागात) होतं, ते २०१४ मध्ये ३.१४ ला बाहेर आलं. दोघांचं काम एकच : ४ केबीचं पेज डिस्कवर टाकण्याऐवजी दाबून रॅममध्येच ठेवायचं. दाबायचे अल्गोरिदमही तेच, एलझेडओ, एलझेड४, झेडएसटीडी. त्यामुळे कोण जास्त दाबतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दाबलेल्या पेजेसची जागा भरली की पुढे काय होतं, खरा फरक तिथे आहे.

झेडरॅम हे ब्लॉक डिव्हाइस आहे. कर्नलच्या लेखी ती आणखी एक स्वॅपची डिस्क. ती भरली की भरली. मागे हार्ड डिस्कवर कमी प्राधान्याचा दुसरा स्वॅप असेल तर त्यानंतरची पेजेस तिकडे जातात, आणि इथेच घोळ होतो. सकाळी मशिन सुरू होताना चढलेल्या, पुन्हा कोणी न विचारलेल्या सर्व्हिसेसची पेजेस झेडरॅममध्ये ठाण मांडून बसतात. पोरांनी आत्ता उघडलेल्या ब्राउझरची पेजेस मात्र संथ डिस्कवर. लासलगावकडच्या माणसाला सांगायचं तर चाळ जुन्या कांद्याने अडलेली आणि उद्या लिलावाला न्यायचा माल पाच कोसांवरच्या गोदामात. याला एलआरयू इन्व्हर्जन म्हणतात, म्हणजे वापराचा जुना-नवा क्रमच उलटणं. मशिन आधी छान पळतं आणि दुपारनंतर अचानक रखडतं, तेव्हा पहिला संशय याचाच घ्यावा.

झेडरॅमला मागे डिस्क जोडून पेजेस तिकडे लिहिण्याची सोय आहे, नाही असं नाही. पण ती जोडणी आकार ठरवण्याआधी करावी लागते, मागे फाइल नव्हे तर स्वतंत्र पार्टिशन लागतं, आणि ‘आता पडीक पेजेस बाहेर काढ’ हे बाहेरून स्क्रिप्टने सांगावं लागतं. कर्नल आपण होऊन ते करत नाही.

झेडस्वॅप डिव्हाइस नाही, स्वॅपच्या वाटेवरचा नाका आहे. पेज डिस्ककडे निघालं की तो अडवतो, दाबतो, रॅममधल्या स्वतःच्या पूलमध्ये ठेवतो. पूल भरत आला की सगळ्यात जुनं पेज उलगडून डिस्कवर लिहितो. म्हणजे थंड माल बाहेर, गरम माल आत. अट एकच : मागे खरा स्वॅप हवा. झेडस्वॅप चालू आहे पण स्वॅप फाइलच नाही, अशी मशिन्स कमी नसतात. तिथे ते काहीच करत नाही आणि तक्रारही करत नाही.

आता ४ जीबीच्या पीसीवरचा हिशेब. झेडरॅमचा ‘डिस्कसाइझ’ म्हणजे न दाबलेल्या डेटाचा आकार. तो ४ जीबी ठेवला आणि दाब ३:१ मिळाला, तर पूर्ण भरल्यावर ते सुमारे १.३ जीबी रॅम खातं. उरलेल्या २.७ मध्ये मशिन सुखाने चालतं. पण मेमरीत फोटो, व्हिडिओ किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा असेल आणि दाब १.५:१ वर आला, तर तेच झेडरॅम २.७ जीबी घेतं आणि कामाला १.३ उरतात. न दबणारं पेज तिथे अख्खं ४ केबीचं पडून राहतं. यावर ‘मेम लिमिट’ घालता येतं, पण मर्यादा गाठली की स्वॅपवर लिहिणं फसतं, कर्नल लॉगमध्ये राइट-एररच्या ओळी येतात आणि लवकरच ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) कुणाचा तरी बळी घेतो. फेडोरा या लिनक्स वितरणाने ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम मुळातच चालू दिलं. ३४ पासून आकार रॅमएवढा, पण जास्तीत जास्त ८ जीबी. त्यापलीकडे ताणू नये असं आमचं मत.

झेडस्वॅपचा पूल मुळात रॅमच्या २० टक्के, म्हणजे ४ जीबीवर सुमारे ८०० एमबी. ३:१ ने त्यात अडीच जीबीच्या आसपास डेटा मावतो. लॅबच्या पीसीला ३० टक्के द्यायला हरकत नाही. पण एक गोष्ट हमखास सुटते : पूलमधलं प्रत्येक पेज मागच्या स्वॅप फाइलमध्येही आपली जागा राखून असतं. फाइल २ जीबीची असेल तर पूल कितीही मोठा करा, २ जीबीपेक्षा जास्त डेटा त्यात येणारच नाही. म्हणून फाइल ६ जीबीची करा.

झेडस्वॅपलाही खोट आहे. जुनं पेज डिस्कवर लिहायचं तर आधी ते उलगडायला मोकळं पेज लागतं, म्हणजे मेमरी सोडवायलाच मेमरी हवी. शिवाय पूल एकदा काठोकाठ भरला की मर्यादेच्या ९० टक्क्यांखाली येईपर्यंत नवी पेजेस नाकारली जातात आणि थेट डिस्कवर जातात. तेवढा वेळ झेडरॅमवालाच उलटा क्रम इथेही दिसतो. कर्नल ६.८ पासून एक श्रिंकर आहे, तो पूल भरायची वाट न पाहता थंड पेजेस आधीच काढत राहतो. पर्याय असेल तर चालू करा. या भागातला नवा बदल स्वतःच्या कर्नलमध्ये घ्यायचा असेल, तर तपासणाऱ्याने आधी हीच जागा बघावी : एकीकडे पेज डिस्कवर लिहिलं जातंय, त्याच क्षणी प्रोसेस तेच पेज परत मागतेय किंवा कुणी स्वॅपऑफ (स्वॅप बंद करायची आज्ञा) चालवलंय, तर नोंद कोणाच्या हातात राहते? आणि रीक्लेमच्या (मेमरी सोडवण्याच्या) वाटेवर केलेली मेमरीची मागणी पुन्हा रीक्लेममध्येच तर शिरत नाही ना?

अंबडच्या सर्व्हरला आम्ही झेडस्वॅपच देऊ, आणि कारण वेगाचं नाही. झेडस्वॅपने वापरलेली मेमरी ५.१९ पासून ज्या त्या सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाच्या) खात्यावर पडते, कंटेनरनिहाय मर्यादाही घालता येते. झेडरॅमचा खर्च कोणाच्याच खात्यावर नसतो. एक उधळा कंटेनर सगळ्यांची रॅम दाबून खातो आणि हिशेबात साव दिसतो.

द्राक्षबागेतल्या बोर्डाला झेडरॅम, दुसरा विचारच नको. कार्डावर सतत लिहिलं की कार्ड झिजतं, आणि ते मेलं की बागेपर्यंत चक्कर. तिथे स्वॅप फाइलच ठेवू नये. लॅपटॉपला मात्र लाईट गेल्यावर हायबरनेट करायचं असेल तर डिस्कवर स्वॅप हवाच. मग झेडस्वॅप सोयीचं.

दोन्ही एकदम कधीही नाही. आर्च या लिनक्स वितरणाच्या कर्नलमध्ये झेडस्वॅप आधीच चालू असतं; त्यावर झेडरॅम बसवलं की पेजेस नाक्यावरच अडतात, झेडरॅम जवळपास रिकामं दिसतं, आणि पूलमधून बाहेर पडणारं पेज उलगडून पुन्हा दाबलं जातं. सीपीयूचा नुसता धूर.

झेडरॅम घेतलंत तर अल्गोरिदम आकाराच्या आधी ठरवा, नंतर बदलत नाही. ‘पेज-क्लस्टर’ ३ असतो, म्हणजे एका वेळी ८ पेजेस आगाऊ वाचतो. फिरत्या डिस्कला ते ठीक, झेडरॅमला ० करा. ‘स्वॅपिनेस’ (कर्नलने स्वॅपकडे किती झुकायचं ते) ६० वरून वर न्या, ५.८ पासून २०० पर्यंत जाता येतं. स्वॅप हा साध्या फाइल्स वाचण्याच्या दुप्पट वेगवान असेल तर १३३ हा आकडा बसतो.

चाचणी घेताना मेमरी शून्यांनी भरू नका. तशी पेजेस दाबली जातच नाहीत, नुसती नोंद होते, आणि गुणोत्तर स्वप्नवत येतं. रोजचेच प्रोग्रॅम तासभर चालवा आणि मेमइन्फोमधले (कर्नलच्या मेमरीच्या नोंदीतले) ‘झेडस्वॅप्ड’ आणि ‘झेडस्वॅप’ हे दोन आकडे भागून बघा; झेडरॅमसाठी एमएम-स्टॅट या त्याच्या आकडेवारीच्या फाइलमधला पहिला आकडा भागिले तिसरा. भागाकार २ च्या खाली आला तर रॅमची पट्टी विकत घ्या. सोबत मेमरी प्रेशरची ‘फुल’ ओळ (सगळीच कामं मेमरीसाठी अडल्याचा वेळ) बघा. ती शून्याजवळ असेल तर स्वॅप किती भरलाय याची चिंता करू नका.

एकावरून दुसऱ्यावर जाताना स्वॅपऑफ वर्ग सुटल्यावर, ब्राउझर बंद करूनच द्या. तो आतली सगळी पेजेस रॅममध्ये परत ओढतो, आणि रॅममध्ये तेवढी जागा नसेल तर अर्ध्यातच फसतो.