लग्न पुण्यात, नोकरी हिंजवडीत: मंगल कार्यालयाचं पॅकेज, सुटी-सुटी जमवाजमव की नोंदणी?

दोघंही नोकरीत, शिल्लक रजा मोजून दहा-बारा दिवस, त्यातली निम्मी लग्नानंतरच लागणार. अशा जोडप्याने प्रत्येक पर्यायाला आधी दोन प्रश्न विचारावेत: सोमवार ते शुक्रवारातले किती दिवस जाणार, आणि मीटिंग चालू असताना किती जणांचे फोन येणार? खर्चाचा आकडा त्यानंतर.

तारखेचं आधी उरकू. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न मुहूर्त नसतात, पौषही बरेच जण टाळतात. मग उरलेल्या शनिवार-रविवारांवर सगळं पुणं तुटून पडतं आणि कर्वे रोड, एरंडवण्याची कार्यालयं कित्येक महिने आधीच भरतात. मधल्या वारचा मुहूर्त घ्यायला लोक कचरतात, पण वधूवरांची रजा तशीही पडणारच असते. अडचण होते ती पाहुण्यांची. ती चालणार असेल तर बुधवारी हवं ते कार्यालय मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

कार्यालयाचं पॅकेज. हॉल, खोल्या, सजावट, जेवण, कधी गुरुजीसुद्धा एकाच बिलात. ताबा साधारण आदल्या संध्याकाळपासून लग्नाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत. सीमांतपूजन, साखरपुडा, हळद, लग्न, विहिणींची पंगत सगळं एका छताखाली. बोलायला एकच मॅनेजर. जागा बघणं, मेनू ठरवणं आणि पानांचा अंतिम आकडा देणं, अशा तीन शनिवारांत भागतं.

खरी मेख हमीच्या पानांत असते. ३०० पानांची हमी दिली आणि २४० माणसं जेवली, तरी पैसे ३०० चेच. म्हणून यादी ४०० ची असली तर हमी ३०० च्या वर नेऊ नये. वरच्या किती पानांची तयारी केटरर ठेवणार आणि त्यांचा दर काय, हे मात्र करारात लिहून घ्यावं. दर जीएसटी धरून की वगळून, तेही तिथेच.

पंगतीत पानं डोळ्यांसमोर असतात. बुफेत मात्र ताटं मोजतात: सुरुवातीला किती मांडली, शेवटी किती उरली. गप्पा मारताना कुणी ताट खाली ठेवून जिलबीसाठी नवं घेतलं, की त्याचं पान दोनदा लागलं. यासाठी दोन्हीकडचा एकेक माणूस केटररच्या माणसाबरोबर उभा करावा आणि सुरुवातीच्या व शेवटच्या आकड्यावर तिघांच्या सह्या घ्याव्यात. नवरीच्या भावाला हे काम देऊ नये, नेमका तोच कानपिळीला लागतो.

सुटी-सुटी जमवाजमव. जागा एकाची, जेवण दुसऱ्याचं, मग डेकोरेशन, गुरुजी, फोटो, मेकअप, सनई-चौघडा. सात-आठ माणसं, तितकेच ॲडव्हान्स. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो. घोळ होतो तो दोघांच्या मधल्या जागेत. डेकोरेशनवाला सकाळी सहाला येतो आणि हॉलची चावी सातला मिळते. फोटोवाल्याचे दिवे आणि केटररची उपकरणं एकाच लाइनवर लागतात आणि मंगलाष्टकांच्या ऐन वेळी फ्यूज उडतो. जनरेटर आहे म्हणतात, डिझेल कुणाचं ते ठरलेलं नसतं. उपाय एकच: कोण किती वाजता येणार, कुठे उभं राहणार, वीज कुठून घेणार, याचा एक कागद आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवायचा.

शंभराच्या आतलं लग्न असेल किंवा जेवणाबाबत अजिबात तडजोड नको असेल, तर हा मार्ग चांगला. पण घरात एखादे निवृत्त, फोनवर न कंटाळणारे काका असतील तरच. वेडिंग प्लॅनर व्हेंडरांचे फोन घेईल. आत्याला कुठली साडी द्यायची हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

डी. पी. रोडच्या लॉनवर रिसेप्शन ठेवलं तर स्पीकर रात्री दहाला बंद, त्यामुळे पत्रिकेत सातची वेळ घाला. मे महिन्यात वळवाच्या पावसासाठी छताचा भाग आहे का, ते आधी बघा.

नोंदणी विवाह. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकाचा तरी नोटिशीआधी सलग ३० दिवस जिल्ह्यात मुक्काम हवा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदवलेला ठेवा. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं. १ डिसेंबरला नोटीस दिली तर जानेवारी आणि फेब्रुवारी एवढीच खिडकी. प्रोजेक्टच्या गडबडीत ती हुकली तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, तेही कामाच्या दिवशी रजा काढून येणारे. एवढं झालं की प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. जोडीदाराचा व्हिसा अडलेला असेल तर हाच पर्याय घ्यावा. घरच्यांसाठीचे विधी नंतर सवडीने करता येतात.

ही सवलत मात्र याच कायद्यापुरती. सप्तपदीसारखे विधी न करता नुसतं हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवलेलं लग्न वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

साखरपुड्याचं थोडक्यात: लग्न चार-पाच महिन्यांत असेल तर तो आदल्या संध्याकाळीच करावा. वेगळा केला की वेगळा हॉल, वेगळ्या साड्या, वेगळी रजा. लग्नाला वर्ष असेल तर रविवारी घरीच, तीस-चाळीस माणसांत.

विधिवत लग्न केलं तरी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ९० दिवसांत नोंद करायचीच असते. त्या अर्जावर गुरुजींची सही लागते. अर्ज आधीच भरून ठेवा आणि गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या लग्नाला निघण्याआधी, तिथेच कार्यालयात, सही घ्या. त्यांच्या आधार कार्डाची प्रतही त्याच वेळी मागून ठेवा. हंगामात त्यांना पुन्हा गाठायचं म्हणजे आणखी एक रजा.