सिंगल-प्लेनच्या जागी ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या 1969 सालच्या शेव्हरोलेतील 350 घनइंची व्ही-8 इंजिनावर आधीच्या मालकाने सिंगल-प्लेन इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग) बसवले होते. वर्षभर ते वापरल्यावर मी ड्युअल-प्लेन बसवले. कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि गिअर यांना हात लावला नाही, त्यामुळे पुढील फरक मॅनिफोल्डचाच मानायला हरकत नसावी.

पहिला फरक आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, जाणवला. व्हॅक्यूम गेज पूर्वी पाऱ्याचे जेमतेम 13 इंच दाखवत असे, ते 15 च्या पुढे गेले आणि याच व्हॅक्यूमची मदत घेणाऱ्या ब्रेकचे पेडल कडक होणे थांबले. 1,500 आरपीएमवरून अॅक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळत असे, तेही गेले. सिंगल-प्लेनमध्ये आठही सिलिंडर एकाच मोकळ्या प्लेनममधून (कार्ब्युरेटरखालच्या पोकळीतून) हवा ओढतात, त्यामुळे कमी आरपीएमला व्हेंच्युरीतली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातली, हवा मंदावते आणि पेट्रोलचे नीट तुषार होत नाहीत. ड्युअल-प्लेनचे मात्र दोन मजले असतात. 1-8-4-3-6-5-7-2 या फायरिंग ऑर्डरमधले (सिलिंडर पेटण्याच्या क्रमातले) एकाआड एक सिलिंडर, म्हणजे 1, 4, 6, 7 एका मजल्यावर आणि 8, 3, 5, 2 दुसऱ्यावर येत असल्याने प्रत्येक मजल्यावर क्रँकच्या दर 180 अंशांना एकच ओढ बसते, आणि ती अर्ध्याच कार्ब्युरेटरमधून जात असल्याने जोरकस असते. प्लेनमपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्या, म्हणजे रनरही लांब असतात. कमी आरपीएमला जोर देण्याचा लांब रनरचा हा गुण क्रायस्लरने 1960 च्या 300-एफमध्ये टोकाला नेला होता. तिथे 30 इंची रनर इंजिन ओलांडून पलीकडे जात आणि कमाल टॉर्क 2,800 आरपीएमलाच मिळे.

5,500 आरपीएमच्या पुढे मात्र माझे इंजिन आता दमते, आणि तिथे आखूड, सरळ रनरचे जुने मॅनिफोल्ड निःसंशय सरस होते. रोजच्या वापरात मी तिथवर क्वचितच जातो.

खरी तक्रार उष्णतेची आहे. एक्झॉस्टची उष्णता प्लेनमखाली आणणाऱ्या मार्गामुळे थंड इंजिन लवकर स्थिरावते. पण तापलेली गाडी दहा मिनिटे उभी राहिली की कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळते आणि इंजिन पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो. कार्ब्युरेटरखाली अर्ध्या इंचाचा फेनॉलिक (उष्णता अडवणारा) स्पेसर घातल्यावर हा त्रास बराच कमी झाला, मात्र एअर क्लीनर बॉनेटला घासू लागल्याने तोही बुटका घ्यावा लागला.